भाद्रपदातला तिळगूळ

त्या शुक्रवारी शेअर रिक्षात माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवर फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. एक हात खालून, एक हात वरून — तो ते असं धरून बसलेला की मला आधी वाटलं, बाळ आहे. डोंबिवली स्टेशन ते एमआयडीसीचा निवासी भाग, रस्त्याला खड्डे म्हणाल तितके. दर धक्क्याला तो त्या गाठोड्यावर हलकेच वाकायचा. बाहेर उन्हातच पाऊस पडत होता आणि रिक्षाच्या प्लॅस्टिकच्या पडद्यावरून थेंब पिवळे होऊन ओघळत होते.

एका खड्ड्यात माझा गुडघा गाठोड्यावर आपटला. आतून पत्रा वाजला. आणि पाठोपाठ वास आला... जळक्या वार्निशचा, त्याखाली किंचित सुक्या मासळीचा. हा वास मी झोपेतही ओळखेन.

"एसएमपीएस गेलाय," मी म्हणाले.

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं, दाढी दोन दिवसांची, पण बघणं इतकं सरळ की मीच नजर खाली नेली. खाली त्याची बोटं होती. दहाही नखं कडेने निळी.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वासावरून. तुम्हाला येत नाही?"

"मी रंगांच्या कंपनीत आहे. लॅबमध्ये. मला आता कशाचाच वास येत नाही."

मग मी त्याला सांगितलं की माझं नाव उर्वी, ठाण्याला नौपाड्यात एका सर्व्हिस सेंटरमध्ये मी दिवसभर हेच करते. आणि एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला झेपेल एवढी करून देणारा डबा. तो बदलला की बहुतेक वेळा मशीन पुन्हा उभं राहतं. त्याने सांगितलं की त्याचं नाव सुश्रुत, आणि तो आत्ताच स्टेशनजवळच्या एका दुकानातून येतोय. तिथल्या माणसाने हात लावून सांगितलेलं, मदरबोर्ड गेलाय, टाकून द्या.

"उघडून बघितलं त्यांनी?"

"नाही."

"मग त्यांच्यात आणि ज्योतिष्यात फरक काय?"

तो हसला. बरेच दिवस न वापरलेलं कुलूप उघडावं तसं, थोडं अडकत. मला ते हसू आवडलं — हे कबूलच करते. म्हणून तर म्हणून गेले, की उद्या शनिवार आहे, मला अर्धा दिवस आहे, मी येऊन बघते.

उतरताना त्याने गाठोडं छातीशी धरलं आणि म्हणाला, "फक्त जरा जपून. ह्यात माझ्या वडिलांचा आवाज आहे."

मला वाटलं, लग्नाबिग्नाची कॅसेट उतरवून ठेवली असेल.

*

पारिजात सोसायटी. चार मजले, बारा घरं. फाटकावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आणि शेजारी बिल्डरचा रंगीत फलक. दसऱ्यापर्यंत जागा रिकामी करायची होती. अकरा घरं आधीच गेलेली.

भर दुपारचे तीन वाजलेले, ऊन लख्ख. तरी जिन्यात शिरले आणि हातावरचे केस उभे राहिले. भंगारवाल्यांनी दारं काढून नेलेली. प्रत्येक मजल्यावर उघड्या चौकटी, आणि चौकटींतून आत दिसणाऱ्या मोकळ्या खोल्या. आजवर कपाटांच्या मागे लपलेले भिंतीचे उजळ चौकोन. एका भिंतीवर पेन्सिलने आखलेल्या मुलांच्या उंचीच्या रेषा. दुसऱ्या मजल्यावर आत कुठेतरी नळ ठिबकत होता... आणि सुश्रुत मला आदल्या दिवशी सांगून चुकलेला, की बिल्डिंगचं पाणी बंद झालंय, तो खालून टँकरचं भरतो.

तिसऱ्या मजल्यावर मात्र पायपुसणं होतं. ताजी रांगोळी होती. दारावर पाटी: भगवान वि. पेंडसे, शिक्षक.

आतलं घर पूर्ण भरलेलं. पडदे, पुस्तकं, सोफ्यावर अभ्रे. जणू बाकीची बिल्डिंग ओस पडल्याचं ह्या घराला कुणी कळवलंच नव्हतं.

मशीन कंपनीकडून तयार आलेलं, अरुंद काळं कॅबिनेट. मी बाजूचा पत्रा काढला, मीटर लावला. डबा पूर्ण मेलेला. खरी अडचण पुढे होती. बाजारात मिळतो त्या एसएमपीएसला चोवीस पिनांचा प्लग असतो. ह्या कंपनीने आपल्या मशीनला वेगळाच, सहा पिनांचा ठेवलेला. डबाही नेहमीपेक्षा बारीक, स्क्रूची भोकंही भलतीकडे. म्हणजे ह्याच मॉडेलचा हवा. जुना डबा मी नमुना म्हणून सोबत नेते म्हणाले, तर तो जळका डबा माझ्या हातात देतानाही त्याची बोटं क्षणभर सुटेनात.

"डिस्क सुखरूप आहे," मी म्हणाले. "हा नुसता पोटाचा आजार आहे. डोकं शाबूत आहे."

मग चहा झाला, आणि चहाबरोबर त्याने सगळं सांगितलं. वडिलांना — अप्पांना — सहा वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढायचं ठरलं. ऑपरेशनला तीन आठवडे होते. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस. त्यांनी हे मशीन आणलं, समोर माईक ठेवला आणि तीन आठवड्यांत दोन हजार वाक्यं बोलून ठेवली. प्रत्येक वाक्याला आकडा. ऑपरेशननंतर ते आकडा दाबायचे आणि मशीन त्यांच्या आवाजात बोलायचं. दार उघड. पंखा बंद कर. आज भाजी कसली. काही वाक्यं त्यांनी घड्याळाला जोडलेली, काही तारखांना. चार वाजले की चहाचं, सणाला सणाचं.

"मागच्या वर्षी आषाढात ते गेले," सुश्रुत म्हणाला. "मी मशीन बंद केलं नाही. वेळ झाली की बोलायचे."

"वर्षभर?"

"वर्षभर."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, रोज दूध येतं असं सांगावं तसं. मी कप खाली ठेवला. खालच्या मजल्याच्या वायरी भंगारवाल्यांनी ओढून काढल्या, तेव्हा वीज वरखाली झाली आणि डबा जळला. तेव्हापासून पंधरा दिवस ह्या घरात कुणी बोललेलं नव्हतं.

"कुणी म्हणजे... तुम्ही पण?"

"मी कुणाशी बोलणार?"

"आत्ता बोलताय की."

तो माझ्याकडे बघत राहिला. बाहेर सर आली, उन्हातलीच. आणि खाली, रिकाम्या घरातला तो नळ मला पुन्हा ऐकू आला.

*

तो आठवडा मी एका बारीक डब्यामागे ठाणं पालथं घातलं. शेवटी टेंभी नाक्याच्या मागे जुन्या ऑफिसांची मशीनं घेणाऱ्या रतनभाईंकडे त्याच मॉडेलची चार मशीनं निघाली. त्यांतल्या एकाचा एसएमपीएस मी काढून घेतला आणि दोन दिवस माझ्या टेबलावर चालवून बघितला.

रोज संध्याकाळी सुश्रुतचा मेसेज यायचा. पहिल्या दिवशी, 'मिळाला का?' दुसऱ्या दिवशी, 'मिळाला नाही तरी चालेल, पण कळवा.' तिसऱ्या दिवशी मी विचारलं, आज नखं कुठल्या रंगाची? उत्तर आलं, 'हिरवी. उद्या बहुतेक जांभळी. तू कुठला रंग सुचवतेस?' तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही. मी 'गुलाबी' लिहिलं आणि फोन उशीखाली सारला. आई त्या दिवसांत माझ्यासाठी स्थळं बघत होती. एका मुलाचा फोटो फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला. मी पाणी प्यायला गेले की तो मुलगा माझ्याकडे बघायचा आणि मला त्याची दया यायची.

पुढच्या शनिवारी डबा घेऊन गेले. गणपतीचे दिवस होते, शेजारच्या गल्लीतल्या मंडळाच्या कर्ण्यावर आरत्या चालू होत्या. पारिजातमध्ये ह्या वर्षी गणपती नव्हता.

डबा खोबणीत सरकला. चारही स्क्रू आपापल्या भोकात बसले. सुश्रुत टॉर्च धरून उभा होता — हातांवर धरायला सांगितलेला, पण उजेड माझ्या हातावर कमी आणि चेहऱ्यावर जास्त पडत होता.

"इकडे दाखव," मी म्हणाले.

"इकडेच दाखवतोय."

मी मान खाली घातली आणि वायर पंख्यात अडकू नये म्हणून कडेने वळवली. सहा पिनांचा प्लग खट्ट करून बसला. डिस्कची वायर लावली, मागची पिन लावली, बटण दाबलं. पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. आणि सुश्रुतने श्वास सोडला, इतका मोठा की माझ्या मानेला लागला.

पण पडद्यावर तक्रार उमटली: घड्याळ चुकलंय. आत एक बटणाएवढा सेल असतो, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा. तो संपलेला. तारीख मागे जाऊन थांबलेली — एक जानेवारी दोन हजार वीस. मी वेळ दुरुस्त केली, दुपारचे सव्वातीन. तारखेवर आले तेव्हा तो पटकन म्हणाला, "तारीख राहू दे ना... आधी चालू तर होऊ दे. सेल नंतर बदलू."

मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. तो जवळ उभा होता.

खाली टँकर आला म्हणून तो बादल्या घेऊन गेला. मी एकटी. हत्यारं आवरत होते, माझी पाठ मशीनकडे. आणि मागून, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं,

"कोण आलंय?"

म्हातारा, किंचित घोगरा, प्रेमळ आवाज. मी वळले. खोलीत कुणी नव्हतं. मला वाटलं, मंडळाचा कर्णा. मग तोच आवाज, आता थोडा हळू —

"मुली, आधी पाणी पी."

टेबलावर तांब्याभांडं होतं. का ते सांगता येणार नाही... पण मी भांडं उचललं आणि पाणी प्यायले. सगळं. एक थेंब सांडला नाही.

सुश्रुत दारात आला तेव्हा आवाज चालूच होता. पाढे म्हणा, वह्या काढा, असं काहीतरी. त्याच्या हातातली बादली कलंडली आणि पाणी माझ्या पायांपर्यंत आलं. तो हलला नाही. त्याचा चेहरा... दूर गेलेल्या माणसाची हाक ऐकावी तसा.

मग त्याने मला समजावलं. साडेतीनला अप्पांच्या शिकवणीच्या मुली यायच्या. त्यांच्यासाठी ती वाक्यं त्या वेळेला लावलेली. घाबरण्यासारखं काही नाही. मी हो म्हणाले. जिना उतरताना मात्र एकाही चौकटीत बघितलं नाही.

*

त्यानंतर मेसेज थांबले.

पहिले दोन दिवस मी त्याला त्याच्या आनंदात राहू दिलं. तिसऱ्या दिवशी रंग विचारला. उत्तर नाही. पाचव्या दिवशी विचारलं, सेल बदलायला कधी येऊ? बऱ्याच वेळाने दोन शब्द आले, 'घाई नाही.' दुसरा शनिवार आला, गणपती विसर्जित होऊन गेलेले, पितृपक्ष लागलेला. आई म्हणाली की ह्या दिवसांत त्या ओसाड बिल्डिंगीत कशाला मरायला जातेस, संध्याकाळी मुलाकडचे यायचे आहेत. मी म्हणाले, एक सेल बदलून येते.

पारिजातच्या तळमजल्यावर, पहिल्या रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर, कागदी वाटी ठेवलेली होती. मला वाटलं, पितरांसाठी कुणी काही ठेवलं असेल. समोरच्या उंबऱ्यावरही वाटी. पहिल्या मजल्यावर तीन. मी वाकून बघितलं.

तिळाच्या वड्या होत्या. मुंग्या लागलेल्या.

मी तिथेच कठड्याला धरून दिवस मोजले. एक जानेवारीपासून चौदा दिवस. आज मशीनमध्ये पंधरा जानेवारी, त्या वर्षीची संक्रांत.

वरून त्या आवाजाचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मध्ये मध्ये दुसरा आवाज, "हो अप्पा." "दिलं अप्पा." दार नुसतं लोटलेलं. आत गेले. भिंतीवर ह्या वर्षीचं कॅलेंडर नव्हतं. दोन हजार वीसचं, कडा पिवळ्या पडलेलं, जानेवारीवर उघडलेलं. मशीनखाली नवा कोरा यूपीएस, वीज गेली तरी मशीन बंद पडू नये म्हणून. आणि सुश्रुत, धुतलेल्या कपड्यांत, दाढी केलेला, ताटलीत तिळगूळ घेऊन उभा. इतका देखणा मी त्याला आधी पाहिला नव्हता. आणि इतकी भीतीही मला त्याची वाटली नव्हती.

"तू आलीस," तो म्हणाला. "घे ना."

"सुश्रुत, बाहेर भाद्रपद आहे."

"माहीत आहे."

तो खरंच शुद्धीवर होता, हेच जास्त भयंकर होतं. खुर्चीवर बसून त्याने मला नीट सांगितलं. कंपनीत जाताना त्याला आजची तारीख माहीत असते. रजिस्टरमध्ये तो तीच लिहितो. पण दार उघडून आत आलं की इथे जानेवारी असतो, अप्पांचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले असतात आणि अजून साडेचार वर्षं हातात असतात. पहिलं वर्षभर आवाज होता, पण तारीख पुढे पळत होती. आता तारीखही त्याच्या बाजूला आली होती. अप्पा म्हणाले शेजारी तिळगूळ दे, म्हणून तो देऊन आला.

"आणि दसऱ्याला? बिल्डिंग पाडायला येतील तेव्हा?"

"दसऱ्याला इथे फेब्रुवारी नुकता कुठे लागलेला असेल."

ह्या मशीनला वीज मी जोडून दिली होती. चार स्क्रू माझ्या हाताने पिळलेले. निघून जावं, खाली ऊन आहे, रस्त्यावर माणसं आहेत, असं पायांना वाटत होतं. मी त्यांचं ऐकलं नाही.

"मला एक सांग," मी म्हणाले. "पंधरा जानेवारी दोन हजार वीसला मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मी तुला ओळखत नव्हते. तू मला ओळखत नव्हतास. आपण त्या रिक्षात बसलोच नव्हतो... तुझ्या घरात आज जी तारीख आहे ना, त्या तारखेला आपण भेटलेलोच नाही."

त्याने ताटलीतली एक वडी उचलली आणि परत ठेवली.

"मला तू आवडतोस, सुश्रुत. रोज तुझ्या मेसेजची वाट बघते मी. पण हे मी सांगू कुणाला? जानेवारीतल्या माणसाला मी कोण ते माहीतच नाही."

ताटली त्याच्या मांडीवर किंचित कलली. खाली नळ ठिबकला. आणि मशीन म्हणालं, "चार वाजले. चहा टाक रे."

सुश्रुत उठला. सवयीनेच, अर्धा उठला, आणि तसाच थांबला. एक हात खुर्चीवर, नजर स्वयंपाकघराकडे. मी श्वास धरून होते. मग तो हळूहळू परत खाली बसला. मला वाटतं, सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने ते ऐकलं नव्हतं.

"बदल सेल," तो म्हणाला.

"मशीन बंद करावं लागेल. ते तू कर."

त्याने बराच वेळ घेतला. बोट बटणावर ठेवलं, काढलं. मी घाई केली नाही. फक्त जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले, खांद्याला खांदा लागेल एवढी. त्याने बटण दाबलं. पंखा मंदावत गेला आणि थांबला. घरात अशी शांतता पसरली, की मला चार मजले, बारा घरं, सगळ्या चौकटी एकदम ऐकू आल्या. त्याने माझा हात धरला. त्याच्या तळव्यावर तीळ चिकटलेले होते.

सेल बदलायला दोन मिनिटं लागली. मशीन पुन्हा चालू केलं आणि आजची तारीख घातली. दिवस, महिना, वर्ष. प्रत्येक आकडा घालताना मी त्याच्याकडे बघितलं आणि प्रत्येक वेळी त्याने मान हलवली.

मग मी ते केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. माझी छोटी हार्ड डिस्क जोडून सगळी वाक्यं उतरवायला घेतली. त्याला सांगितलं, ह्या आवाजाला ही बिल्डिंग लागत नाही. हा आता कल्याणला येईल, खडवलीला येईल, तू नेशील तिथे येईल. त्याने विचारलं, "कुठेही?" मी म्हणाले, कुठेही. पुढच्याच आठवड्यात त्याने कल्याणला भाड्याची जागा बघितली. पण ते नंतरचं.

पडद्यावर नावं सरकत होती. प्रत्येक वाक्याला आकड्यापुढे त्याचेच शब्द नाव म्हणून दिलेले. मला राहवलं नाही. मी शिकवणीच्या मुलींची वाक्यं शोधली. 'मुलींनो, वह्या काढा.' 'मुलींनो, पाढे म्हणा.' 'मुलींनो, दंगा नको.' सगळी अनेकवचनात. 'मुली, आधी पाणी पी' असं वाक्य तिथे नव्हतं. मी दोनदा शोधलं. मंडळाचा कर्णा चालू होता त्या दिवशी, ऐकण्यात चूक होऊ शकते... मी सुश्रुतला काही बोलले नाही.

तेवढ्यात शेवटचं नाव आलं. नुसता आकडा, २००१. तारीख, एकोणीस मार्च दोन हजार तेवीस.

सुश्रुत पुढे वाकला. "हे शक्य नाही. तेव्हा त्यांना आवाजच नव्हता."

मी म्हणाले, सेल तेव्हाच संपत आला असेल, तारीख चुकीची पडली असेल. दोघांनीही ते मानलं. दोघांच्याही मानेवर काटा होता. त्याने ते वाक्य लावलं.

आवाज नव्हता. खुर्ची करकरली. पंख्याची घरघर. मग श्वास... माणसाच्या छातीतून, पण तोंडातून नाही, गळ्याच्या भोकातून येणारा, शिट्टीसारखा. आणि त्याच्यावर बारीक बारीक आवाज. ओठ मिटल्याचा, जीभ टाळूला लागल्याचा. कुणीतरी माईकसमोर बसून बोलत होतं. नीट, सावकाश, शिक्षकासारखं बोलत होतं, आणि त्यातून शब्द तेवढे निघत नव्हते.

मी सुश्रुतचा हात घट्ट धरला. त्याचे डोळे मिटलेले. आणि त्याचे स्वतःचे ओठ हलायला लागले होते.

"तुला कळतंय?"

"मशीनपाशी नसले की ते असेच बोलायचे. नुसत्या ओठांनी. मी बघून बघून शिकलो." त्याने पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि श्वासामागून श्वास मला सांगत गेला, थांबत थांबत.

"'आज रविवार... सुश्रुत झोपलाय... बोलून बघतोय. येत नाही काही.'" शिट्टी. ओठांची चटचट. "'दोन हजार वाक्यं बोललो. सगळी कामाची... चहा, पाणी, दार. एक राहिलं.'"

मग बराच वेळ नुसता श्वास होता. मग पुन्हा ओठ.

"'तीन वर्षं... तू माझ्या ओठांकडे बघत बसलायस...'"

तो थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रेकॉर्डिंगमध्ये छातीतून हवेचे बारीक झटके आले, एकामागून एक. मी घाबरले, मग कळलं, तो माणूस हसत होता.

"पुढे काय म्हणाले?"

"काही नाही."

"सुश्रुत."

"'आता दुसऱ्या कुणाच्या तरी ओठांकडे बघ, गाढवा.'"

मी त्याच्याकडे बघत राहिले. "खरंच असं म्हणाले?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "'दुसऱ्या' नक्की. 'गाढवा' तर नक्कीच, तो शब्द मी लांबूनही ओळखतो. मधलं... शपथेवर नाही सांगता येणार."

फोन वाजत होता, आईचा. मुलाकडचे आले असणार. मी तो उलटा करून ठेवला. खिडकीबाहेर ऊन उतरणीला लागलेलं, समोरच्या रिकाम्या घरांतून आरपार येऊन ह्या खोलीत पडलेलं, आणि रेकॉर्डिंग संपून गेलं तरी वाटत होतं की खोलीत अजून कुणीतरी आहे, भिंतीकडे तोंड करून, आम्हाला बघत नसल्याचं दाखवत.

मला खूप काही बोलायचं होतं. मी काहीच मोठ्याने बोलले नाही. नुसते ओठ हलवले, दोन शब्दांपुरते.

सुश्रुतने लक्ष देऊन बघितलं. "पुन्हा," तो म्हणाला.

मी पुन्हा म्हणाले, आवाज न करता.

तो आणखी जवळ आला. "पुन्हा."

तिसऱ्यांदा म्हणताना माझ्या लक्षात आलं, की त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं.